कानाचं नाव, कागदाचं नाव

१९९६ साली स्वीडनमधल्या एका जोडप्याला दंड झाला. मुलगा पाच वर्षांचा झाला तरी त्यांनी त्याचं नाव सरकारदरबारी नोंदवलं नव्हतं. हाल्मस्टाडच्या न्यायालयाने पाच हजार क्रोनर भरायला सांगितले, तेव्हा आईबापांनी निषेध म्हणून एक नाव दाखल केलं. त्यात अक्षरं आणि आकडे मिळून ४३ खुणा होत्या. सुरुवात बी-आर-एफ अशी, मग एक्स आणि सी यांच्या जोड्या, पुढे व्यंजनांची नुसती चेंगराचेंगरी, आणि शेपटाला चार वेळा एक आणि एकदा सहा. स्वर औषधालाही नाही. याचा उच्चार कसा करायचा? तर ‘अल्बिन’. न्यायालयाने नकार दिला. मग आईबापांनी ‘ए’ एवढं एकच अक्षर दाखल केलं. उच्चार? तोही ‘अल्बिन’च. तेही नामंजूर झालं.

ही गोष्ट सहसा विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला मात्र तिच्यातला उच्चार विसरता येत नाही. अल्बिन हे स्वीडनमधलं अगदी चारचौघांसारखं नाव. घरात हाक मारताना, वर्गात हजेरी घेताना ते कोणाच्याच कानाला खटकलं नसतं. सगळं बंड कागदावर झालं. कान बिचारा सुखरूप राहिला. त्या दोघांना सरकारची खोड काढायची होती हे उघड आहे. पण मुलाचं नाव वेगळं हवं आणि तरी फार वेगळं नको, या पेचात सापडलेले जगभरचे आईबाप लहान प्रमाणावर हेच करत असतात. एखादा ‘आय’ काढून तिथे ‘वाय’ बसवतात. ‘सी’चा ‘के’ करतात. शेवटी एक मुका ‘एच’ चिकटवतात. हाक तीच, पण अर्ज भरताना मूल एकमेवाद्वितीय!

माझं स्वतःचं नाव इतकं सर्रास आहे की शाळेत बाईंनी ते उच्चारलं की बऱ्याच वेण्या एकदम वळायच्या. आडनावाचं आद्याक्षर हीच माझी खरी ओळख होती. त्यामुळे मुलांसाठी अनवट नावं शोधणाऱ्यांना हसण्याइतका मोठेपणा माझ्याकडे कधीच नव्हता. उलट नावांच्या याद्या वाचण्याचं मला व्यसनच आहे. अमेरिकेचं सोशल सिक्युरिटी प्रशासन १८८० पासूनची बाळांची नावं वर्षवार लावून सगळ्यांसाठी खुली ठेवतं. अट एकच: त्या वर्षी ते नाव किमान पाच बाळांना दिलेलं असलं पाहिजे. त्याहून कमी असेल तर खासगीपणा जपण्यासाठी ते वगळतात. या यादीचा वरचा भाग कंटाळवाणा असतो. तिथे दरवर्षी तीच प्रतिष्ठित मंडळी जागा बदलून बसलेली असतात. तळाशी जावं. जिथे नावापुढचा आकडा सात, सहा, पाच असा होत जातो तिथे खरी गंमत आहे. कुठल्या घरात, कुठल्या क्षणी हे सुचलं असेल, असा विचार करत मी तिथे तासन्‌तास भटकू शकते.

ही यादी नाव मोजत नाही, स्पेलिंग मोजते. उच्चार एक पण अक्षरं वेगळी, तर नोंद वेगळी. ‘जेडन’ हे नाव घ्या. जे-ए-वाय, जे-ए-आय, नुसतं जे-ए. शेवटी ई-एन, ओ-एन, वाय-एन. या तुकड्यांच्या जितक्या जोड्या लागतील तितके जेडन त्या यादीत वेगवेगळ्या ओळींवर नांदत असतात. मी ती नावं मनातल्या मनात देवनागरीत लिहू लागते आणि सगळ्यांचा एकच जेडन होतो. आपल्या लिपीत ही चैन फारशी परवडत नाही. ऱ्हस्वाचं दीर्घ करा, ‘श’चा ‘ष’ करा, की झाला, कोटा संपला. इंग्रजीत मात्र उच्चार आणि लिखाण यांचा संसार कधीच मोडलेला आहे. एकाच ‘ए’ या ध्वनीला चार-पाच तऱ्हांनी लिहिता येतं आणि प्रत्येक तऱ्हेच्या समर्थनार्थ शब्दकोशातला एखादा शब्द दाखवता येतो. त्या मोडलेल्या संसाराच्या फटीतच हे सगळे ‘वाय’ आणि ‘के’ वाढतात.

बरं, ‘चुकीचं’ स्पेलिंग ही कल्पनाच तशी अलीकडची. शेक्सपिअरच्या हातच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या सहा सह्या आज शिल्लक आहेत आणि त्यांतही आडनावाचं स्पेलिंग एकसारखं नाही. त्या माणसाला कोणी ‘तुमचं स्पेलिंग जरा वेगळंच आहे हो’ असं म्हणालं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता. आधी छापखाने, शब्दकोश, शाळा आणि सरकारी नोंदवह्या यांनी मिळून एक ‘बरोबर’ ठरवलं. मगच ते मुद्दाम बिघडवण्यात कोणाला काही मजा वाटू लागली.

वेगळेपणाची ही भूक किती वाढली आहे हे त्याच अमेरिकन यादीतून दिसतं. १८८० साली तिथल्या दर शंभर मुलग्यांपैकी आठ जण जॉन होते आणि दर शंभर मुलींपैकी सात मेरी. आता पहिल्या क्रमांकावरचा लियाम हा शंभरात जेमतेम एक असतो. म्हणजे सर्वांत लोकप्रिय नावसुद्धा आता फारसं लोकप्रिय नसतं. पूर्वी मुलाला आजोबांचं किंवा संताचं नाव दिलं की काम संपायचं. नाव हे वारशाने चालत यायचं. आता ते निवडायचं असतं आणि निवड म्हटली की आपली हुशारी, आपली आवड, आपली हौस सगळंच पणाला लागतं.

इथे मला स्टॅन्ली लीबरसन या समाजशास्त्रज्ञाचं काम फार आवडतं. नावांच्या फॅशनचा त्याने अभ्यास केला, कारण या फॅशनच्या मागे कुठलाही दुकानदार नाही. कपड्यांची फॅशन कोणीतरी विकत असतं, नावांची जाहिरात कोणी करत नाही. तरीही नावं लाटेसारखी येतात आणि ओसरतात. १९९५ साली त्याने आणि एका सहकारी संशोधिकेने आणखी मजेदार गोष्ट केली. आफ्रिकन अमेरिकन कुटुंबांनी स्वतः घडवलेली, आधी कुठेही नसलेली नावं त्यांनी लोकांपुढे ठेवली आणि विचारलं, हा मुलगा की मुलगी? बहुतेक नावांच्या बाबतीत लोकांनी बरोबर ओळखलं. नाव कोरं करकरीत, पण शेवटचा ध्वनी कोणता, याचे अलिखित नियम आईबापांनी नकळत पाळले होते. शून्यातून नाव घडवणारासुद्धा शून्यात उभा नसतो. त्याच्या कानात आधीच सगळा शेजार भरलेला असतो.

म्हणूनच वेगळं नाव शोधायला निघालेली माणसं वारंवार एकाच चौकात भेटतात. अमेरिकेत या शतकाच्या सुरुवातीला एडन, जेडन, ब्रेडन, केडन, हेडन अशी यमकं जुळवल्यासारखी मुलग्यांची एक फौजच उभी राहिली. प्रत्येक घराला वाटत होतं की आपण जॉन आणि मायकेलपासून सुटलो. लॉरा वॉटनबर्ग या नावांच्या अभ्यासकाने दाखवून दिलं की त्या काळात अमेरिकेतल्या सुमारे एक तृतीयांश मुलग्यांची नावं ‘न’ने संपत होती. वेगळेपणाचा असा कोरस क्वचितच ऐकायला मिळतो.

या सगळ्यात माझं सर्वांत लाडकं उदाहरण म्हणजे ‘नेवेया’. इंग्रजीत ‘स्वर्ग’ हा शब्द उलटीकडून लिहिला की हे नाव तयार होतं. १९९९ साली अमेरिकेत अशा फक्त आठ मुली जन्मल्या. २००० साली सनी सँडोव्हाल हा ख्रिस्ती रॉक गायक आपल्या बाळाला घेऊन टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात आला. मुलीचं नाव नेवेया, आणि ते कसं तयार झालं हे त्याने सांगितलं. २००१ साली नेवेयांची संख्या हजाराच्या वर गेली आणि २००५ साली ते नाव मुलींच्या यादीत सत्तराव्या क्रमांकावर होतं. पण खरी कहाणी त्यापुढची. कानाने ऐकून नाव ठेवणाऱ्या अनेक घरांनी शेवटचे ‘ए’ आणि ‘ई’ उलटसुलट लिहिले. ते नाव उलटं वाचलं तर स्वर्ग येत नाही, स्वर्गाचं चुकलेलं स्पेलिंग येतं. ज्या एका युक्तीसाठी नाव ठेवलं तीच निसटली, आणि तरीही ही दुसरी नेवेया पहिल्या हजार नावांत जाऊन बसली.

उलट्या नावांची ही कल्पना अमेरिकेची नव्हेच. सोव्हिएत रशियात क्रांतीनंतर मुलींना ‘निनेल’ म्हणू लागले होते. उलटं वाचलं की लेनिन. व्लादिमीर लेनिन या जोडनावाला कात्री लावून मुलग्यांसाठी व्लादलेन झालं. मार्क्स, एंगल्स, लेनिन आणि स्टालिन यांची आद्याक्षरं जोडून मेल्स. एकीकडे उलटा स्वर्ग, दुसरीकडे उलटा लेनिन. श्रद्धेची जागा बदलली, कारागिरी तीच. आणि हे सगळं आधुनिक काळाचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधले प्युरिटन, म्हणजे कडवे प्रोटेस्टंट, पाहावेत. त्यांच्यात ‘प्रेझ-गॉड बेअरबोन’, म्हणजे ‘देवाची-स्तुती-करा बेअरबोन’ नावाचा एक चामड्याचा व्यापारी आणि धर्मोपदेशक होता. १६५३ सालच्या इंग्लंडच्या संसदेला त्याच्यावरूनच बेअरबोनची संसद असं टोपणनाव पडलं. त्याचा मुलगा मानला जाणाऱ्या निकोलस बार्बनचं बाप्तिस्म्याचं नाव ‘येशू-ख्रिस्त-तुझ्यासाठी-मेला-नसता-तर-तू-नरकात-गेला-असतास’ असं अख्खं वाक्य होतं अशी आख्यायिका आहे. हाच बार्बन पुढे १६६६ च्या लंडनच्या आगीनंतर घरांचा आगीपासून विमा उतरवण्याचा धंदा सुरू करणाऱ्यांमध्ये अग्रभागी होता. इतकं लांब आणि धमकीवजा नाव मिळालेल्या माणसाने विम्याकडे वळावं, हे मला अगदी पटतं.

मॅडिसनची कथा याहून सौम्य. १९८४ सालच्या एका हॉलिवूडपटात एक जलपरी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूची पाटी वाचते आणि तेच आपलं नाव म्हणून घेते. तो विनोद होता, कारण मुलीचं असं नाव तेव्हा कोणी ऐकलेलंच नव्हतं. २००१ साली मॅडिसन हे अमेरिकेतल्या मुलींमध्ये दुसऱ्या क्रमांकाचं नाव होतं. त्या वयाच्या मुलींना तो विनोद समजावून सांगावा लागेल. खलीसीचं मात्र हसू झालं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतल्या एका राणीची ही पदवी. नाव नव्हेच, आणि भाषासुद्धा मालिकेसाठी बनवलेली. २०१८ साली अमेरिकेत ५६० मुलींचं नाव खलीसी ठेवलं गेलं. पुढच्याच वर्षी शेवटच्या भागांत त्या राणीने शरण आलेलं अख्खं शहर ड्रॅगनवर बसून जाळलं. मालिका संपायच्या आत तिच्यातलं नाव ठेवू नये, एवढं तरी या पिढीला कळलं असेल.

स्पेलिंगचा हिशेब कधी कधी थेट बातमीत येऊन बसतो. इंग्लंड आणि वेल्सचं सांख्यिकी कार्यालयही स्पेलिंगनिहाय मोजतं. २०२३ च्या आकड्यांत तिथे मुलग्यांच्या यादीत मुहम्मद पहिला आला, नोआला मागे टाकून. ज्याच्यात दोन ‘यू’... नाही, एक ‘यू’, मध्ये जोडून दोन ‘एम’ आणि शेवटी ‘ए-डी’ आहे तो हा मुहम्मद. ‘ओ’ असलेले मोहम्मद वेगळ्या ओळींवर, आणि तेही पहिल्या शंभरात. सगळे एकत्र धरले असते तर हे नाव किती आधीपासून पहिलं आहे यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालत आले. यात कोणाच्याच आईबापांना वेगळं काही करायचं नव्हतं. उलट एकच आदरणीय नाव सगळ्यांना हवं होतं. अरबीतून रोमन लिपीत येताना वाटेवर प्रत्येक देशाने आपापली सवय त्याला चिकटवली. आपल्यापैकी ज्यांची नावं एका कागदावर एका ‘ए’ने आणि दुसऱ्यावर दोन ‘ए’ने लिहिलेली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

सरकारांना नावात इतका रस का असतो, हा प्रश्न मला पूर्वी पडायचा. आता वाटतं, नाव हाताळायचं काम शेवटी त्यांच्याच कारकुनांकडे असतं. फ्रान्समध्ये १८०३ सालच्या कायद्याने बाळाचं नाव पंचांगातल्या संतांमधून किंवा प्राचीन इतिहासातूनच निवडायची सक्ती होती. ती पूर्णपणे सुटली १९९३ साली. आता नोंदणी अधिकाऱ्याला नाव मुलाच्या हिताविरुद्ध वाटलं तर तो सरकारी वकिलाला कळवतो आणि प्रकरण न्यायाधीशापुढे जातं. २०१५ च्या सुमारास व्हॅलेन्सिएनच्या न्यायालयाने एका मुलीचं ‘न्युटेला’ हे नाव नाकारून नुसतं ‘एला’ ठेवलं. हे वाचून आपण हसतो. पण त्याच फ्रान्समध्ये २०१७ साली ब्रेतॉन (फ्रान्सच्या वायव्येकडची एक भाषा) बोलणाऱ्या आईबापांना मुलाच्या नावातल्या ‘एन’वर एक छोटीशी नागमोडी रेघ हवी होती, आणि कँपेरच्या न्यायालयाने ती नाकारली, कारण ती फ्रेंचमध्ये बसत नाही. पुढच्या वर्षी रेनच्या अपील न्यायालयाने ती रेघ परत दिली. इथे मला हसू येत नाही. ती रेघ म्हणजे हौस नव्हे. त्यांच्या भाषेत ते नाव तसंच लिहितात.

हंगेरीची तऱ्हा मला मनापासून आवडते. परदेशी नाव खुशाल ठेवा, पण लिहायचं हंगेरियन उच्चारपद्धतीने. त्यामुळे जेसिका तिथल्या मंजूर नावांत ‘डी-झेड-एस’ने सुरू होते, कारण ‘ज’साठी त्यांची तीन अक्षरी सोय आहे. इंग्रज माणूस ते पाहून गांगरेल, हंगेरियन मूल मात्र पहिल्या वर्गात घडाघडा वाचेल. देवनागरीत वाढलेल्या माझ्यासारखीला यात काहीच चमत्कारिक वाटत नाही.

न्यूझीलंडमध्ये नियम तसे सैल आहेत: नाव ७० अक्षरांपेक्षा लांब नको, अपमानकारक नको आणि पदवीसारखं नको. त्यामुळे तिथे सर्वांत जास्त अर्ज फेटाळले जातात ते किंग आणि प्रिन्स या नावांचे. २००८ साली तिथल्या कौटुंबिक न्यायालयात नऊ वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण आलं. ‘हवाईची तलुला हुला नाचते’ अशा अर्थाचं अख्खं वाक्य तिचं नाव होतं. मैत्रिणींना ती आपलं नाव सांगतच नसे. ‘मला के म्हणा’ एवढंच. नाव बदलता यावं म्हणून न्यायाधीशांनी तिला न्यायालयाच्या पालकत्वाखाली घेतलं. त्याच निकालात त्यांनी देशात मंजूर झालेल्या इतर नावांचीही यादी दिली, तिच्यात ‘१६ नंबरचा बसथांबा’ होतं. त्या थांब्यावर काय झालं असेल याची कल्पना करता येते, पण मुलाने ती आयुष्यभर करत राहावी का?

जपानचा पेच मात्र या सगळ्याच्या नेमका उलटा आहे, आणि म्हणून मला तो सर्वांत जास्त गुंतवून ठेवतो. तिथे नावासाठी कोणती चित्राक्षरं वापरायची याची सरकारी यादी आहे, सुमारे तीन हजारांची. कागदावरची बाजू घट्ट बांधलेली. पण त्या अक्षरांचा उच्चार काय करायचा हे कुटुंबनोंदणीत लिहिलंच जात नव्हतं. मग आईबापांनी ती मोकळी बाजू पकडली. चंद्राचं चित्राक्षर लिहायचं आणि मुलाला ‘राइतो’ म्हणजे इंग्रजी ‘लाइट’ अशी हाक मारायची. अशा नावांना ‘किराकिरा’, म्हणजे चमचमती नावं म्हणतात. शिक्षक पट हातात घेऊन बसतात आणि ओळखीची अक्षरं समोर असूनही नाव वाचता येत नाही. शेवटी कायदा बदलला. २६ मे २०२५ पासून उच्चारही नोंदवावा लागतो आणि अक्षरांशी अजिबात न जुळणारा उच्चार नाकारता येतो. अमेरिकेत कान एकसारखा आणि कागद रंगीबेरंगी, जपानमध्ये कागद एकसारखा आणि कान रंगीबेरंगी. ज्या बाजूला कुंपण नाही तिकडून हौस बाहेर पडते.

(त्याच जपानमध्ये १९९३ साली एका बापाने मुलाचं नाव ‘अकुमा’, म्हणजे सैतान, ठेवायचं ठरवलं होतं. दोन्ही अक्षरं मंजूर यादीतली, उच्चारही सरळ. तरी नगरपालिकेने अडवलं आणि देशभर गदारोळ झाला. कुंपण पक्कं असलं तरी माणूस दारातूनसुद्धा येऊ शकतो.)

आता जरा अवघड भाग. ‘विचित्र’ हे कोण ठरवतं? सिओभन असं काहीतरी वाचून आपण अडखळतो. आयरिश माणूस ते ‘शिवॉन’ असं सहज म्हणतो, कारण त्याच्या भाषेत ‘बी’ला ‘एच’ जोडला की ‘व’ होतो, जवळजवळ दरवेळी होतो. इंग्रजीपेक्षा कितीतरी शिस्तीचं आहे ते. आपल्याला नियम माहीत नाही म्हणून समोरच्याला नियमच नाही असं समजायची घाई आपण करतो. आफ्रिकन अमेरिकन नावांच्या बाबतीत ही घाई महागात पडते, आणि ती किंमत नाव धारण करणाराच मोजतो. मॅरिअ‍ॅन बर्ट्रांड आणि सेंधिल मुलईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार काल्पनिक अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखेच. नावं मात्र काहींवर एमिली आणि ग्रेग, काहींवर लकीशा आणि जमाल. २००४ साली निष्कर्ष छापून आले. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे दहा अर्जांमागे एक बोलावणं, काळ्या वाटणाऱ्या नावांना पंधरा अर्जांमागे. ‘मुलाच्या भवितव्याचा विचार करून साधं नाव ठेवा’ असा सल्ला देणारे हाच अभ्यास पुढे करतात. मला तो सल्ला उफराटा वाटतो. दोष अर्ज वाचणाऱ्यात सापडला आणि दुरुस्ती बारशाच्या वेळी करायची?

शिवाय चुकीतून जन्मलेली नावंसुद्धा माणसं आपलीशी करतात. ओप्रा विन्फ्रेचं नाव बायबलमधल्या ‘ऑर्पा’वरून ठेवलं होतं. लोकांनी मधली अक्षरं उलटवली आणि ओप्रा झालं. आज ऑर्पा कोण हे सांगायला बायबल उघडावं लागतं. काँडोलीझा राइस यांचं नाव त्यांच्या आईने इटालियन संगीतातल्या एका सूचनेवरून घडवलं, ‘माधुर्याने’ वाजवा या अर्थाच्या. दोघींच्याही नावांना जुन्या नोंदवहीत जागा नव्हती.

तर माझं मत काय? नाव विचित्र असलं तरी चालेल, स्पेलिंग सरळ असावं. आहे हा माझा पक्षपात. विचित्र नावाला निदान गोष्ट असते. मूल कुठेही गेलं तरी ‘हे कुठून आलं?’ असं कोणी विचारतं आणि आजी, गाव, पुस्तक, नदी, काहीतरी बाहेर येतं. अनोळखी माणसाशी बोलायला ते बरं असतं. अनवट स्पेलिंगला गोष्ट नसते, दुरुस्ती असते. ‘नाही, वायने.’ ‘नाही, दोन एन.’ फोनवर, खिडकीवर, निमंत्रणपत्रिकेवर, बक्षिसाच्या ढालीवर. ती दुरुस्ती आईबाप काही वर्षंच करतात, नंतरची सगळी मुलाच्या वाट्याला. आणि यंत्रं तर माणसांपेक्षा हट्टी. २०२० साली इलॉन मस्कने मुलाच्या नावात बारा हा आकडा घातला होता. कॅलिफोर्नियात जन्मदाखल्यावर आकडे चालत नाहीत म्हणून त्याचे रोमन अंक करावे लागले. जगातल्या अतिश्रीमंत माणसालाही अर्जातल्या रकान्यापुढे मान तुकवावी लागली, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

माझ्या या मताला आइसलँडमधल्या एका मुलीने बळ दिलं. तिथे १९९१ पासून नावांची एक समिती आहे. नाव आइसलँडिक व्याकरणात बसलं पाहिजे, विभक्तीचे प्रत्यय घेता आले पाहिजेत, त्यांच्या लेखननियमांप्रमाणे लिहिलं पाहिजे. या मुलीचं नाव ‘ब्लायर’, म्हणजे मंद वारा. शब्द भाषेतलाच, पण व्याकरणात पुल्लिंगी; म्हणून मुलीसाठी नामंजूर. पाद्र्याच्या नजरचुकीने बाप्तिस्मा झाला होता, सरकारी कागदांवर मात्र पंधरा वर्षं तिच्या नावाच्या जागी ‘मुलगी’ एवढंच छापलं जात होतं. नोबेलविजेते हाल्डोर लाक्सनेस यांच्या कादंबरीत याच नावाची एक बाई आहे, हा मुद्दाही पुढे आला होता. २०१३ च्या जानेवारीत रेक्याविकच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. न्यूझीलंडची मुलगी नाव लपवत होती, ही त्याच्यासाठी न्यायालयात उभी राहिली. दोघींनाही नाव आईबापांनीच दिलेलं. दुसरीचं नाव दुर्मीळ होतं, पण उच्चारायला, लिहायला, उचलून न्यायला हलकं होतं.

हे सगळं मी माझ्या एका मैत्रिणीला फोनवर सविस्तर ऐकवलं. तिला दुसरी मुलगी झाली होती आणि स्पेलिंगमधल्या एका ‘वाय’वरून घरात दोन तट पडले होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही, ‘पटतंय गं’ असंही म्हणाली. महिन्याभराने जन्मदाखल्याचा फोटो आला. ‘वाय’ गेला होता. शेवटी एक ‘एच’ वाढला होता.